कापसाच्या खोलीतलं गाणं

इचोड्याच्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागला, की समजावं वेचे सुरू झाले. बाभळीला कापूस येत नाही, एवढं माझ्या चौथीतल्या पोरांनाही कळतं. गच्च भरलेले टेम्पो आणि बैलबंड्या झाडांना घासून जातात, काट्यांना पांढरे पुंजके अडकतात आणि नागपूरकडे धावणाऱ्या ट्रकांच्या वाऱ्यानं ते दिवसभर हलत राहतात. कालपासून ते दिसायला लागलेत, आणि कालपासून माझ्या मनगटांना खाज सुटली आहे. कापसाला मी हातसुद्धा लावलेला नाही. तीन वर्षांत लावलेला नाही. पण अंगाला कोण सांगणार?

कापूस मऊ असतो असं शहरातले लोक म्हणतात. म्हणू देत बापडे. विकायला नेईपर्यंत ज्यांच्या घरात तो छतापर्यंत रचलेला असतो, आणि उरलेल्या हातभर जागेत ज्यांची पोरं झोपतात, त्यांना विचारा. त्यात बारीक किडे असतात, धूळ असते, वाळलेल्या पानांचा चुरा असतो. मानेवर, कोपरात, कानामागं अशी खाज उठते की माणूस देवाचं नाव घेता घेता शिव्या द्यायला लागतो. आम्ही तिघांनी त्या खाजेत बसून गाणी केली. म्हणून मोबाईलवरच्या आमच्या ग्रुपचं नाव ‘खाजवे कलाकार’ होतं. नाव सुधाकरनं ठेवलं होतं. त्याच्याकडून याहून बऱ्याची अपेक्षा नव्हती.

सुधाकर, मिलिंद आणि मी, सुजाता. तेलंगणातलं, बाजारहत्नूरच्या बाजूचं एक गाव, तिथली मराठी शाळा, आणि दहावीपर्यंत मागच्या बाकावर आम्ही तिघं. सुधाकर घरची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, करतो आणि लग्नाच्या दिवसांत लाउडस्पीकर भाड्यानं लावतो. मिलिंद आणि मी बौद्ध वस्तीतले, आमच्या आया सुधाकरच्याच वावरात वेचायला जायच्या. मी मास्तरीण झाले, मिलिंद फौजेत गेला. बंदूक चालवायला नाही, जखमींची मलमपट्टी करायला. दहावीत बेडूक कापताना चक्कर येऊन पडलेला हा पोरगा तिथं कसा टिकला, हे आम्हाला अजून समजलेलं नाही.

खोलीचा शोध अपघातानंच लागला. एका वर्षी वेच्याच्या दिवसांत सुधाकर बायकोच्या कामांपासून लपायला घरच्या खोलीतल्या कापसाच्या गंजीवर चढून बसला होता आणि तिथूनच त्यानं ग्रुपवर आवाजी निरोप टाकला. काहीतरी फालतूच. मिलिंदचं उत्तर आलं, “कुठं बसून बोलून राह्यला बे? आवाज असा येऊन राह्यला जसा तू माह्या कानातच बसला.” सुधाकरनं टाळी वाजवून पाहिली, खाकरून पाहिलं. भिंतीवरून काही परत येईना. एरवी त्या खोलीत साधं शिंकलं तरी दोनदा ऐकू यायचं. कापसानं सगळा घुमारा पिऊन टाकला होता. शहरात लोक ज्यासाठी भिंतींना फोम चिकटवतात, ते आमच्याकडे दरवर्षी वावरातून आपोआप घरी येत होतं आणि आम्ही इतकी वर्षं त्यावर नुसतं अंग खाजवत बसलो होतो.

मग काय, दर हिवाळ्यात आमचा स्टुडिओ भरायचा. सीतादही, म्हणजे वेच्याआधीची वावरातली पूजा, झाली, पहिला वेचा घरात आला, की सुधाकर लिहायचा, “खोली कमरेपर्यंत भरली.” दुसऱ्या वेच्यानंतर, “छातीपर्यंत. आता ये.” रविवारी मी बसनं जायचे. ऑनलाइन मागवलेला माईक आणि त्यावर सुधाकरच्या मुलीच्या शाळेचा मोजा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना फुंकर बसू नये. मोजा धुतलेला असायचाच असं नाही. बाहेर शेळीच्या गळ्यात घुंगरू, पलीकडे कोणाच्यातरी बोअरची मोटार. सुधाकरची बायको दाराबाहेर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला “हळू चाला, आत रेकाडिंग सुरू आहे” असं ओरडून सांगायची, आणि त्या ओरडण्यानंच आमचं रेकॉर्डिंग फुकट जायचं.

मिलिंद बर्फाच्या मुलखात कुठंतरी होता. कुठं, ते तो सांगत नसे, आम्ही विचारत नसू. रेंज मिळाली की त्याचा ताल यायचा. लोखंडी पेटीवर बोटांनी वाजवून तो पाठवायचा. त्यात मागं वारा असायचा. “वारा बंद कर ना बे,” सुधाकर लिहायचा, आणि मिलिंद लिहायचा, “साहेबाले दरखास्त देतो.” एक गाणं पुरं व्हायला महिना लागायचा. घाई कोणालाच नव्हती. आता वाटतं, ते महिने आमच्या आयुष्यातले सगळ्यात शहाणे महिने होते. तेव्हा मात्र फक्त खाज लक्षात यायची.

गप्पा माईकपासून सुरू व्हायच्या आणि लढाईवर जायच्या. मिलिंद तिकडे, म्हणून जात असतील. सुधाकरला टीव्हीवरच्या चर्चांचा नाद. एकदा त्यानं विचारलं, “दुश्मनाचा जखमी तुह्या समोर आणून टाकला तं पट्टी बांधशीन का?”

“बांधीन.”

“अन् बाजूले आपला पडून असन तं?”

“ज्याचं रक्त जास्त वाहून राह्यलं, तो पयले.”

“आपला असून?”

“आपल्याचं कमी वाहून राह्यलं असन तं तो थांबन. कोनाचं आहे ते रक्त सांगत नाई.”

सुधाकर चार दिवस ग्रुपवर बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याच्याच्यानं राहवलं नाही. त्यानं लिहिलं, “मीच तिथं जखमी पडून असतो तं?” मिलिंदनं लिहिलं, “तू तं एवढा वरडशीन, तुले भूल देऊन बाजूले ठेवीन अन् मंग बाकीच्याईले पाहीन.” मी शाळेच्या वऱ्हांड्यात एकटीच हसत बसले. तेलुगू शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी विचारलं, “एमैंदी टीचर?” काय झालं हे त्यांना सांगावं तरी कसं? माझे दोन मित्र कोणाला आधी मरू द्यायचं यावर भांडताहेत आणि मला त्यांच्याबद्दल प्रेम दाटून आलंय, हे मला तेलुगूत सांगता येईना.

त्या हिवाळ्यात मोबाईलवर दूरच्या लढाईचे व्हिडिओ येत होते. कुठली लढाई, ते खरं सांगायचं तर मी नीट पाहिलंही नव्हतं. पडलेली घरं, धूळ, माणसं धावताहेत. भाजी निवडता निवडता मी ते बघायचे आणि पुढे सरकवायचे. त्यातूनच मला एक गाणं सुचलं. ‘चूल नाही पेटली बाई, धूर कुठून आला, अंगणात खेळणारा कुठं निघून गेला.’ चाल माझ्या आईची, वेचताना ती असंच काहीबाही गुणगुणायची. मी ते ग्रुपवर टाकलं. सुधाकरनं नेहमीचा टोमणा मारला नाही, एवढ्यावरूनच मला समजलं की गाणं बरं झालंय.

खोली त्या वर्षी गळ्यापर्यंत भरली होती. मी गंजीत गुडघे रोवून बसून गायले. तीनदा गायले. तिसऱ्यांदा कानामागं एवढी खाज उठली होती की डोळ्यांत पाणी आलं, आणि तेच सगळ्यात चांगलं झालं. सुधाकर म्हणाला, “दोन कडव्यांच्या मधात जागा खाली वाटून राह्यली. काई तरी पायजे तिथं.” बासरी लावून पाहिली. मिलिंदची पेटी लावून पाहिली. मन भरेना. दोन दिवसांनी त्यानं मला गाणं पाठवलं आणि लिहिलं, “आता ऐक. बसून ऐक.”

मी बसून ऐकलं. मधल्या जागेत एक बाई होती. लांबून, धुळीतून आल्यासारखा आवाज. शब्द परके, एकही कळत नव्हता. माझा आवाज थांबायचा आणि तिथून तिचा उठायचा, अगदी तालावर. माझ्या अंगावर काटा आला. हा आवाज कुठून आणलास म्हणून मी विचारलं. त्याच्याकडे आलेल्या एका व्हिडिओतून, तो म्हणाला. पडलेल्या घरासमोर उभी असलेली बाई. “तिच्या आवाजात मधात मधात खाली जागा होत्या. त्या कापल्या अन् तुकडे जोडले, तवा कुठं तालात बसली.” मी त्याला म्हटलं, कमाल केलीस. हे मीच म्हटलं, आणि हे मला आज लिहिताना गिळावं लागतंय.

गाणं सुधाकरनं चॅनलवर टाकलं. याआधीची आमची गाणी आमच्या नातेवाइकांनी ऐकली होती, तीही फोन करकरून सांगितल्यावर. हे मात्र पाय फुटल्यासारखं निघालं. नार्नूरहून फोन, किनवटहून फोन. उटनूरच्या एका बाईंनी माझा नंबर शोधून काढला आणि त्या फोनवर नुसत्या रडल्या. आमच्या हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर मुलांसमोर माझं नाव घेतलं. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला गायिका म्हटलं. तेलुगूच्या बाईंना गाण्यातलं काही कळलं नव्हतं, तरी त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी विचारलं, “आ एडुपु एवरिदी, टीचर?” ते रडणं कोणाचं?

मी म्हटलं, “कोणाचं नाही. इफेक्ट आहे.”

किती सहज म्हटलं. जणू ती बाई सुधाकरच्या कंप्युटरमध्येच जन्मली होती.

मिलिंदला रेंज मिळायला आठवडा लागला. एवढ्या सगळ्या हारतुऱ्यांच्या खाली त्याचा निरोप आला. शाबासकी नव्हती. “ते बाई कोन आहे?”

सुधाकरनं सांगितलं.

“तिले इचारलं का?”

“तिले कसं इचारू बाप्पा? कुठली आहे ते बी मालूम नाई.”

“मंग काहाडून टाक.”

पुढचं सगळं माझ्या फोनमध्ये अजून आहे. मी पुसलेलं नाही. सुधाकरनं लिहिलं की तिचं दुःख एवढ्या लोकांपर्यंत पोचलं, लोक रडले, यात पाप कोणतं? मिलिंदनं लिहिलं, “आमच्याकडे जखमी मानसाचा फोटो काढू देत नाईत. दुश्मनाचा बी नाई. काऊन, तं तो पडून असते, हो-नाई म्हनू शकत नाई. हे बाई बी तशीच आहे.” सुधाकरनं लिहिलं, “हा काई फोटो नाई, गानं आहे.” मिलिंदनं लिहिलं, “तुले तिचा आवाज गोड लागला म्हनून घेतला ना? बेसूर असती तं घेतला असता का?” त्यावर सुधाकर भडकला. “तू तिथं बंदुकीवाल्याईच्या मधात बसून मले पाप-पुन्य शिकवून राह्यला?” हे त्यानं लिहायला नको होतं. लिहिलं.

मग दोघांनीही एकच लिहिलं, “सुजाता, तू सांग.”

मला मिलिंदचं म्हणणं कळत नव्हतं असं मुळीच नाही. त्याचा बाप गेला तेव्हा तो पोचू शकला नव्हता. तिसऱ्या दिवशी आला आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यानं विचारलं होतं, “गंगूमाय आली होती का?” गंगूमाय म्हणजे सुधाकरची थोरली चुलती. गावात कोणी गेलं की हेल काढून रडायला ती हजर. मेलेल्याचं नाव घेऊन, त्याच्या खोड्या, त्याची आवड, सगळं सांगत सांगत ती रडते. त्या कामासाठी तिनं कधी वस्ती कोणाची ते पाहिलं नाही, एरवी पाहत असेल. आली होती, असं सांगितल्यावर मिलिंद खाली बसला. आपल्या बापासाठी कोणीतरी नाव घेऊन रडलं, एवढ्यावर त्या माणसानं स्वतःला सावरलं होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तरी मी ग्रुपवर काय टाकलं? हात जोडल्याचं चित्र. दोन हात, कोणाच्याच बाजूनं नसलेले. कारण ती बाई काढली असती तर गाण्यात राहिलं काय असतं? माझा आवाज आणि एक खाली जागा. लोकांनी मला गायिका म्हटलं होतं, आणि ते तिच्या जिवावर होतं, हे मला आतून पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी हात जोडले. भित्रेपणाला नमस्काराची सोय फार बरी असते.

दुपारच्या सुट्टीत फोन पाहिला तर करड्या अक्षरांत ओळ होती, मिलिंद ग्रुपमधून बाहेर पडला. त्याला वेगळा निरोप पाठवला. उत्तर नाही. सुधाकर म्हणायचा, जाऊ दे, दोन दिवसांत येईल. मागच्या बाकावरून उठून तो याआधी कुठं गेला नव्हता. दोन दिवस गेले, पंधरा गेले. तो जिथं होता तिथं पंधरा दिवस उत्तर नसणं म्हणजे काय, याचा विचार करकरून माझ्या वर्गातली पोरंसुद्धा माझा मार खाता खाता वाचली.

तेव्हा मला अक्कल सुचली. निदान मला ती अक्कल वाटली. परकी बाई नको ना? मग आपली घेऊ. विचारून घेऊ, समोर बसवून घेऊ. गंगूमायहून चांगलं रडणारं पंचक्रोशीत कोण आहे? मिलिंदलाही तिचा मान. त्या रविवारी मी गावी गेले. सुधाकर कुरकुरला, पण त्यानं माईक लावला.

गंगूमाय वेचून नुकतीच आली होती. ओटीत कापूस तसाच होता. मी सगळं समजावलं. 

“मेलं कोन?” ती म्हणाली.

“कोणी नाही मोठी माय. गाण्यासाठी पाहिजे.”

“कोनी मेलं नाई अन् रडू? घरात नवा कापूस आला, अन् त्याच्या समोर बसून हेल काढू? मास्तरीन झाली पन अक्कल कुठं ठेवून आली तू?”

“खोटं खोटं, मोठी माय,” सुधाकर म्हणाला.

“खोटं रडलं तं खरं मानूस जाते. अन् रडू तं कोनाच्या नावानं रडू? नाव सांग. नाव नसन तं तोंडातून आवाज निंगत नाई माह्या.”

झालं. आमचं सगळं शहाणपण तिनं उभ्या उभ्या झटकून टाकलं. मी म्हटलं, निदान ऐक तरी, आम्हाला कसं पाहिजे होतं ते. सुधाकरनं गाणं लावलं. माझं कडवं तिनं चेहरा न हलवता ऐकलं, त्यानंतर ती बाई आली आणि गंगूमायनं कपाळाला आठ्या घातल्या.

“हे असं कोन रडते?” ती म्हणाली. “दमच नाई घेऊन राह्यली. खरी आहे का मशीन?”

“खरी आहे.”

“मंग ते खरीचं लाव.”

सुधाकरनं मोबाईलमध्ये शोधून मूळ व्हिडिओ काढला. मीही तो पूर्ण असा पहिल्यांदाच बघत होते. एक बाई, डोक्यावरची ओढणी घसरलेली, समोर विटामातीचा ढीग. ती ओरडायची. मग थांबायची. पुन्हा ओरडायची. पुन्हा थांबायची. गंगूमायनं दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा तिनं पडद्याकडे पाहिलंच नाही, फोन कानाला लावला.

“हे रडून नाई राह्यली,” ती म्हणाली.

सुधाकर पुढं सरकला.

“रडनारी बाई थांबत नाई पोरी. मी रडतो ना, मले मालूम आहे. हे थांबून राह्यली. पाह्य, वरडली की कान देऊन राह्यली. कोनी ओ देते का ऐकून राह्यली. हे हाका मारून राह्यली कोनाले तरी. अजून मेलं नाई तिचं. सापडून नाई राह्यलं.”

आणि मग, आम्ही काही विचारलं नसताना, ती सांगू लागली. तिचा रामा लहानपणी जत्रेत हरवला होता. ती अशीच ओरडत फिरली होती. ओरडायचं आणि थांबायचं, ओरडायचं आणि थांबायचं, कारण आपल्याच ओरडण्यात पोराची ओ बुडून जाईल याची भीती. “लोक म्हनत, बाई पागल झाली, मधातच गप होते.” रामा सापडला तो जिलबीच्या दुकानामागं, पोत्यावर झोपलेला. ती हसली. ओटीतला कापूस गंजीवर टाकला आणि चुलीकडे गेली.

सुधाकर माझ्याकडे बघत नव्हता. “मी ते मधातलं कापलं,” तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

खाली जागा. आम्हाला ती खाली जागा वाटली होती. ती बाई तेवढ्या जागेत जीव मुठीत धरून ऐकत होती, आणि तेच आम्ही काढून फेकलं, कारण ते तालात बसत नव्हतं. तिची हाक जोडून जोडून आम्ही तिचं रडणं केलं. तिनं अजून आशा सोडली नव्हती आणि आम्ही इकडे, कापसात गुडघे रोवून, तिचं माणूस मारून मोकळे झालो होतो. उटनूरच्या बाई रडल्या, तेलुगूच्या बाई रडल्या, हेडमास्तरांनी शाबासकी दिली, ती याची. मला त्या खोलीत बसवेना. बाहेर येऊन मी बोअरच्या पाइपाखाली हात धरले, कोपरापर्यंत चोळले. खाज होतीच, पण मी त्यासाठी हात धूत नव्हते.

सुधाकरनं त्याच दुपारी गाणं काढून टाकलं. मला सांगावं लागलं नाही. लोकांनी उतरवून घेतलेलं होतंच, ते अजून फिरतं. गेल्या वर्षी आदिलाबादच्या बसस्टँडवर कोणाच्या तरी फोनवर वाजताना मी ऐकलं आणि माझी बस यायच्या आत तिथून निघून गेले.

मिलिंदला मी सगळं लिहिलं. गंगूमाय काय म्हणाली ते, तिच्या शब्दांत. इफेक्ट म्हटलं होतं, तेही. जोडलेल्या हातांबद्दल माफी मागितली. उत्तर येईल असं धरलंच नव्हतं. सुधाकरनं त्याला पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं आणि नुसतं लिहिलं, “चुकलो बे.” या माणसाला हे शब्द येतात हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

तो हिवाळा सरला. खोली रिकामी झाली, पऱ्हाट्या उपटून झाल्या. त्यानंतर वेच्याचे तीन हंगाम गेले, आम्ही गाणं केलं नाही. सुधाकर बोलावतो. आजही त्याचा मला वेगळा निरोप आहे, “कमरेपर्यंत भरली.” मी जाईन का, मला माहीत नाही. जावंसं वाटतं. तो घुमारा नसलेला आवाज, तो मळका मोजा, दाराबाहेरची ती आरोळी, सगळ्यांची इतकी आठवण येते की वर्गात फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागतं. मिलिंद सुखरूप आहे. पुढच्या उन्हाळ्यात नोकरी संपवून परत येतोय, सुधाकरला त्यानं वावराच्या कामाचं विचारलंय. आमचं सगळं आता बरं आहे. निदान आम्हा तिघांचं.

पण त्या वर्षी, माझ्या माफीनंतर नवव्या दिवशी, ग्रुपवर मिलिंदचा निरोप आला होता. मी घाईघाईनं उघडला. मला वाटलं रागावला असेल, किंवा माफ केलं असेल. दोन्हीपैकी काही नव्हतं. त्यानं फक्त विचारलं होतं, “मंग सापडलं का तिचं?”

मी आणि सुधाकरनं तेव्हा शोधलं. तेव्हा पहिल्यांदा शोधलं. तोच व्हिडिओ पाच ठिकाणी सापडला, पाचही ठिकाणी वेगळ्या गावाचं नाव, आणि दोन ठिकाणी तर ती बाई एकमेकांच्या दुश्मनांची. ती कुठली, कोणाला हाका मारत होती, कोणी ओ दिली का, काही कळलं नाही. मिलिंदचा प्रश्न ग्रुपवर अजून तसाच आहे. त्याच्या फोनवर त्याखाली निळ्या खुणा दिसत असतील, आम्ही दोघांनी तो वाचल्याच्या. त्याच्यापुढं तिघांपैकी कोणीच काही लिहिलेलं नाही.